सेल उतरलेला टेप, की कला? डीजे स्क्रूवरून वाद

कॅसेटवाला:
परवा भाचीच्या फोनवर एक जुनं हिंदी गाणं लागलं होतं. अर्ध्या वेगात, विहिरीतून आल्यासारखं. खाली लिहिलेलं ‘स्लोड अँड रिव्हर्ब’. म्हटलं, हे कोणाच्या डोक्यातून निघालं? म्हणे, "यूट्यूबवाल्यांच्या." मग मला राहवेना, म्हणून हा धागा. हा शोध यूट्यूबवाल्यांचा नव्हे, डीजे स्क्रूचा.

टेक्सासमधल्या स्मिथव्हिल गावात वाढलेला रॉबर्ट अर्ल डेव्हिस ज्युनियर, जन्म १९७१. आईच्या रेकॉर्ड्सवर हात बसवला. एखादी रेकॉर्ड आवडली नाही की ती स्क्रूने खरवडून टाकायचा, म्हणून नाव पडलं डीजे स्क्रू. १९९०च्या सुमारास ह्यूस्टनच्या दक्षिण भागात घरी बसून त्याने रॅपची गाणी संथ करून कॅसेटवर उतरवायला सुरुवात केली. दहा डॉलरला एक टेप. घ्यायला येणाऱ्या गाड्यांची फाटकाशी एवढी रांग लागायची की पोलिसांना वाटलं, इथे ड्रग्ज विकतात. १९९८ला दुकान काढलं, त्यात माल फक्त त्याच्या टेपांचा. नोव्हेंबर २०००मध्ये गेला, वय २९.

माझं म्हणणं सरळ आहे. तेव्हा रॅप म्हणजे न्यूयॉर्क नाहीतर लॉस एंजेलिस. दक्षिणेला कोणी हिशेबात धरत नव्हतं. त्या काळात या माणसाने एका शहराला स्वतःचा आवाज दिला, आणि तोही एकही शब्द स्वतः न गाता. त्याला नुसता डीजे म्हणणं कोतेपणाचं आहे.

विलंबित_एकताल:
साफ असहमत. आमच्या टेपचे सेल उतरले की लताबाई बुवांसारख्या गायच्या. आम्ही ते सेल दाताने चावायचो, उन्हात ठेवायचो, परत घालायचो. कोणी त्याला कला म्हटलं नाही.

थट्टा बाजूला ठेवतो. विलंबित ख्यालात गायक स्वतः संथ होतो. दम त्याचा, पुढच्या समेपर्यंत जागा भरायची जबाबदारी त्याची. इथे रॅपर नेहमीच्या चालीत म्हणून मोकळा झाला आणि नंतर कोणीतरी बटण फिरवलं. यात त्या बटणवाल्याची साधना कुठली?

खडूस_श्रोता:
+१. शिवाय गाणी दुसऱ्याची. परवानगीचं काय?

सोल्डरगन:
बटणाबद्दल बोलताय तर बटणाचंच सांगतो, माझं पोट त्यावर चालतं.

टेपचा वेग २० टक्क्यांनी उतरवला की स्वर जवळजवळ चार अर्धस्वरांनी खाली येतो. म्हणजे षड्ज तुमच्या खालच्या कोमल धैवताशी जाऊन बसला. इथवर विलंबित यांचे सेल आणि स्क्रू सारखेच. पण या प्रकाराचं नाव ‘चॉप्ड अँड स्क्रूड’ आहे. दुसरा अर्धा भाग तुम्ही सोडून दिलात, चॉप्ड.

दोन टर्नटेबलांवर एकाच गाण्याच्या दोन प्रती लावायच्या. एक दुसरीच्या एक ठोका मागे. कोणती प्रत ऐकू यावी ते ठरवणारी मधली पट्टी झटकन इकडची तिकडे केली की आत्ता ऐकलेला शब्द परत येतो. समजा ओळीत ‘निघालो’ आहे, तर ऐकू येतं ‘निघा, निघा, निघालो’. आणि हे तालात पडायला हवं. एक प्रत केसभर सरकली तर नुसता गोंधळ. मी एकदा दोन भावगीतांच्या जुन्या रेकॉर्ड्सवर करून पाहिलं. बायकोने विचारलं, मशीन बिघडलं का?

तर कोणता शब्द परत आणायचा, कुठे सोडून द्यायचा, ही निवड झाली. तबल्यात तिहाई कुठून उचलायची हे ठरवण्यासारखीच. हे सगळं झाल्यावर तो अख्खी टेप आणखी संथ करायचा.

विलंबित_एकताल:
तिहाईची उपमा चोरलीत, पण ठीक, चॉपिंगला हुन्नर म्हणतो. ‘शोध’ मात्र म्हणणार नाही. ह्यूस्टनमध्येच डॅरिल स्कॉट नावाचा डीजे त्याच्या आधी गाणी हळू करून टेप विकत होता. मेक्सिकोत मॉन्टेरेला गॅब्रिएल दुएन्येस या डीजेने संथ कुम्बिया, म्हणजे तिकडचं नाचाचं संगीत, लोकप्रिय केली. गोष्ट अशी सांगतात की यंत्र तापलं, मोटर मंदावली आणि नाचणाऱ्यांना तेच आवडलं. बघा, परत सेल उतरलेलेच!

कॅसेटवाला:
‘शोध’ शब्द मागे घेतो. पण आपल्याकडे ठुमरी कोणी ‘शोधली’ यावर भांडत बसण्यापेक्षा ती कोणी गायली हेच आपण ऐकतो ना?

बेल्टवे_आठ:
ह्यूस्टनमध्ये वीस वर्षं आहे, म्हणून दोन शब्द.

हे संगीत घरात बसून कळत नाही. इथे सगळं अंतर गाडीने. मे ते सप्टेंबर दमट उकाडा, मुंबईसारखा, फक्त समुद्राचा वारा नाही. संध्याकाळी दक्षिणेकडच्या रस्त्यांवर चकचकीत रंगाच्या जुन्या लांबड्या गाड्या निघतात, त्यांना ‘स्लॅब’ म्हणतात. चाकांतून काटे हातभर बाहेर आलेले. मुद्दाम बैलगाडीच्या चालीने चालवतात. पहिल्यांदा अशी एक गाडी सिग्नलला शेजारी थांबली तेव्हा माझ्या कपहोल्डरमधलं चहाचं झाकण थरथरत होतं. तेव्हा कळलं की हा वेग त्या गाडीचा आहे.

आणि टेपांवर होतं कोण? वस्तीतली पोरं. फॅट पॅट, त्याचा भाऊ हॉक, लिल कीकी, बिग मो, झी-रो. रात्री स्क्रूच्या घरी जमायचं आणि माईकवर सुचेल ते बोलायचं. १९९६च्या २७ जूनला एका मित्राच्या वाढदिवसाची टेप झाली, त्यात साधारण ३५ मिनिटं सलग हेच चाललंय. २०२०मध्ये मिनियापोलिसला पोलिसाच्या गुडघ्याखाली मेलेला जॉर्ज फ्लॉइड आमच्याच ह्यूस्टनच्या थर्ड वॉर्ड वस्तीत वाढलेला. तोही ‘बिग फ्लॉइड’ नावाने स्क्रूच्या टेपांवर आहे. स्क्रूच्या हजाराहून अधिक रेकॉर्ड्स आता ह्यूस्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवल्यात.

खडूस_श्रोता:
विद्यापीठ, गाड्या, सगळं छान. खोकल्याच्या औषधाचं कोणीच काही बोलत नाही? कोडीनचं सिरप सोड्यात घालून पिणं हे याच संगीताबरोबर देशभर गेलं. स्क्रू स्वतः त्यात गेला. २००७ला टेक्सासमधल्याच पोर्ट आर्थरचा रॅपर पिंप सी गेला, त्यातही कोडीन होतं. आपल्याकडेही सिरपच्या बाटल्यांचं व्यसन काही नवं नाही. भाचीला इतिहास सांगाल तेव्हा हेही सांगा.

कॅसेटवाला:
सांगेन. लपवायचं कारण नाही. पण ‘सिरपमुळे संगीत संथ झालं’ हे मला पटत नाही. सिरप पिणारे हजारो होते, हात एकाचाच तसा होता.

सोल्डरगन:
परवानगीच्या मुद्द्यावर खडूस यांच्याशी अर्धा सहमत. कायद्याने बघितलं तर त्या टेपा अडचणीच्याच. पण त्याच टेपांवरून गल्लीतल्या पोरांची नावं शहरभर झाली. २००५ला माइक जोन्स, पॉल वॉल, स्लिम थग हे ह्यूस्टनवाले देशभर गाजले. ते शहराच्या उत्तरेकडच्या स्विशाहाउस या रेकॉर्ड कंपनीचे, स्क्रूच्या टोळीतले नव्हेत, पण पद्धत त्याचीच. तो मात्र तोवर पाच वर्षांपूर्वीच गेलेला.

विलंबित_एकताल:
ती २७ जूनची टेप काल रात्री हेडफोन लावून ऐकली. आधी पाच मिनिटं चीड आली. मग एका जागी शब्द तीनदा परत आला आणि माझा हात आपोआप मांडीवर पडला. बरोबर समेवर.

मत बदललेलं नाही. अजून वीस मिनिटं बाकी आहेत, आज ऐकतो.