जुनी 800 रोडवर थंड, गावात शिरली की तापमानाचा काटा वर. आधी काय पाहू?

खारपाणपट्टा (ता. दर्यापूर):
नमस्कार मंडळी. 2006 ची मारुती 800 एसी आहे, वडिलांनी घेतलेली. विकायची नाही, त्यामुळे "मोडीत काढा" हा सल्ला कृपया देऊ नका.

मार्च लागल्यापासून त्रास सुरू झाला. अमरावती रोडला साठच्या स्पीडनं चालली की काटा मधोमध, हलत नाही. दर्यापुरात बाजाराच्या गर्दीत अडकलो किंवा जिनिंगसमोर कापसाच्या ट्रॅक्टरांच्या मागं उभा राहिलो की काटा सरळ लाल पट्टीकडं. परतवाड्याहून चिखलदऱ्याला गेलो तेव्हा घाटात दुसऱ्या गिअरवर तेच, वर पोचेपर्यंत बोनेटमधून वाफ. पंखा फिरतो, डोळ्यांनी पाहिला. मोटर दिवाळीत जळाली होती, जुन्या बाजारातून दुसरी आणून बसवली. पाणी थोडं कमी होतं, तेवढं बोअरचं टाकतो.

एक मिस्त्री म्हणतो थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा वॉल) काढून फेका, दुसरा म्हणतो हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, खोलावं लागेल. हेड खोललं तर खर्च गाडीच्या किमतीवर जाईल. तुम्ही काय म्हणता?

जीपवाला मूर्तिजापूर:
हेड खोलाची घाई करू नका भाऊ. तुमच्या लिहिण्यातच अर्धं उत्तर हाये. धावताना थंड अन् उभ्यानं गरम, म्हणजे पाणी फिरून रायलं, हवा कमी पडून रायली. रोडवर हवा समोरून आपोआप घुसते, उभ्या गाडीत ते पंख्यानं ओढा लागते. उलटं असतं, गावात थंड अन् रोडवर गरम, तर मी रेडिएटर (इंजिनाचं पाणी थंड करणारी जाळी) आतून चोंदलं म्हटलं असतं, नाईतर पाणी फिरवणाऱ्या पंपावर शंका घेतली असती.

पंखा फिरते हे तुम्ही पाह्यलं. कोणीकडं फिरते हे पाह्यलं काय? मोटर डीसी असते. दोन वायर अदलाबदल झाले की उलटी फिरते, आवाज तसाच, पाहणाऱ्याले काही समजत नाई. मंग हवा आत ओढाच्या ऐवजी समोर फेकते. दिवाळीत मोटर बसवली, थंडीत कोणाले पत्ता लागणार? इंजिन गरम होऊन पंखा लागला की वहीचा एक कागद जाळीसमोर धरा. जाळीले चिपकला तर पंखा बरोबर. तुमच्याच अंगावर उडून आला तर वायर पलटवा, काम खतम. गमछा तेवढा पंख्यापासून दूर ठेवजा.

कागद चिपकला पण ढिला वाटला, तर एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या समोरची एसीची जाळी) अन् रेडिएटर याच्या मधात टॉर्च मारून पाहा. जिनिंगसमोर उभी राहणारी गाडी हाये. कापसाचे तंतू, त्यावर धूळ, त्यावर तेलाचा हात, अशी गोधडी तयार होते तिथं. बाहेरून जाळी चकाचक दिसते. पाणी मारा ते इंजिनाकडून बाहेर, अन् कमी प्रेशरनं. सर्व्हिसिंगचा फवारा जवळून मारला की पत्र्या वाकतात, मंग हवा कायमची बंद.

घाटातल्या वाफेसाठी रेडिएटरचं झाकण पाहा. त्यावर 0.9 लिहिलेलं असते. तेवढा दाब धरला तर पाणी 118 डिग्रीच्या आसपास उकळते. रबर कडक झालं की दाब राहत नाई अन् शंभरालेच उकळी येते. चिखलदरा 1,100 मीटरवर, तिथं तर साधं पाणी 96 लेच उकळते. झाकण बदलणं सगळ्यात स्वस्त काम हाये, अन् मिस्त्री लोक तेच शेवटी पाहतात. गरम गाडीचं झाकण मात्र खोलू नका, तोंड भाजलेले लोक पाह्यले म्या.

हेड गॅस्केटची (हेडखालच्या पातळ पट्टीची) शंका काढाची तर सकाळी थंड गाडीत झाकण खोलून इंजिन चालू करा. पाण्यात सारखे बुडबुडे येत रायले, ऑइलची कांडी दुधी दिसली, तर हेडची गोष्ट बोलू. तोवर नाई.

परतवाडा ते धारणी:
दादांचं बाकी पटलं. पण थर्मोस्टॅट काढायला हरकत काय? आमच्याकडच्या टॅक्स्या सगळ्या बिनथर्मोस्टॅटच्या धावतात. 46 डिग्रीच्या उन्हात इंजिन गरम करायला वॉल कशाला लागतो? थंडीच्या देशातली गोष्ट आहे ती.

जीपवाला मूर्तिजापूर:
बाहेर 46 असो, इंजिनाले 80 च्या वर चालाचं असते. थंड इंजिन पेट्रोल जास्त पिते, ऑइलमधला ओलावा उडत नाई. टॅक्सी दिवसभर चालते, तिचं निभते. याइची गाडी बाजारापर्यंत जाते अन् येते. वॉलवर शंका असंल तर काढून गंजात (पातेल्यात) पाणी घ्या, दोरीनं लटकवा अन् चुलीवर ठेवा. त्यावर कोरलेल्या आकड्याजवळ उघडाले लागला अन् उकळीपर्यंत पुरा उघडला तर परत बसवा. नाई उघडला तर नवा घ्या.

अन् खारपाणपट्ट्याचं बोअरचं पाणी बंद करा राजेहो. पिकाले चालत नाई थे पाणी, इंजिनाले कसं चालंन? हेड ॲल्युमिनियमचं हाये, खार त्याले खाते. बॅटरीत टाकतात ते डिस्टिल्ड पाणी घ्या. रस्त्यात अडचण आलीच तर जारचं आरओ पाणी, पण ते तेवढ्यापुरतं.

खारपाणपट्टा (ता. दर्यापूर):
कागद उडाला! जाळीपासून हातभर लांब. वायर पलटवल्या, काल बाजारात एसी लावून उभा होतो, काटा अर्ध्याच्या जरा वर गेला, पंखा लागला, परत खाली. झाकण पण नवं टाकलं. पाणी कमी व्हायचं ते बहुतेक तिथूनच, रबराला चीर होती. खालून पाणी सोडलं तर तांबडं निघालं. आता साध्या पाण्याऐवजी कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रंगीत द्रव) भरतो. हिरवं की लाल?

जीपवाला मूर्तिजापूर:
रंगावर जाऊ नका, गाडीच्या पुस्तकात लिहिलं थे घ्या, अन् दोन जातीचे मिसळू नका. आधी साध्या डिस्टिल्ड पाण्यानं धुवा, स्वच्छ निघेपर्यंत. रेडिमिक्स असंल तर तसंच भरा, कॉन्संट्रेट असंल तर अर्धं डिस्टिल्ड पाणी. पुढं कधी बदललं तर काढलेलं कूलंट अंगणात सांडू नका. गोड लागते म्हणून ढोरं अन् कुत्रे चाटतात, अन् थे विष हाये. भरताना हिटर फुल गरमवर ठेवा, नाईतर हवा अडकते अन् काटा पुन्हा नाचते.

खारपाणपट्टा (ता. दर्यापूर):
हिटर? आत्ता, मे महिन्यात?

जीपवाला मूर्तिजापूर:
हाव. पण तुम्ही गाडीत कायले बसता? काचा खाली करा अन् बाहेर सावलीत उभे राहा.