गाडीचं इंजिन मोकळं फिरत नाही, फ्लायव्हील हलकं करून घेऊ का?

सातारी_पिकअप:
मंडळी एक सल्ला हवाय. २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, १.२ लिटर, चार सिलिंडर, सेकंडहँड घेतलीये. गावात बरी चालते पण ३००० च्या वर आरपीएम चढताना जड वाटते, पाय दाबला की आवाज वाढतो पण सुई आपली रांगत रांगत वर जाते, आणि स्टिअरिंगला बारीक थरथर. खंबाटकी घाटात तर थर्ड सोडून सेकंड टाकावाच लागतो. एक गॅरेजवाला म्हणतो फ्लायव्हील (इंजिनाला जोडलेलं जड चाक) लेथवर घासून हलकं करू, कोन फिल्टर (शंकूसारखा उघडा एअर फिल्टर) टाकू, मागे फ्री फ्लो सायलेन्सर, मग बघ कशी पळते. खर्चाचं बघता येईल, पण कुणी केलंय का हे?

टॅपेटकाका:
अहो थांबा जरा. फ्लायव्हीलचं वजन कमी केलं की रेस दिल्यावर सुई झटकन उडते हे खरंय, पण इंजिनाची ताकद त्याने काडीची वाढत नाही, फरक कळतो तो फक्त खालच्या गियरमध्ये. आणि वजन तिथे उगाच दिलेलं नसतं. चार सिलिंडरमध्ये क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य शाफ्टच्या, दर अर्ध्या फेरीला एक स्फोट होतो, दोन स्फोटांच्या मधला झटका ते जड चाक गिळतं. तुमची तक्रारच थरथरीची, मग चाक हलकं केल्यावर ती वाढणार की कमी होणार तुम्हीच सांगा. वर ट्रॅफिकमध्ये क्लच सोडताना गाडी बंद पडायला लागेल ते वेगळंच.

आधी प्लग काढून बघा, इंजिन थंड असताना, कारण हेड (इंजिनाचा वरचा भाग, ज्यात प्लग बसतात) अॅल्युमिनियमचं असतं आणि गरम असताना जोर लावला तर आटे जातात. टोक करडं-तांबूस असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा स्पार्क कमजोर आहे, तेलकट ओलं असेल तर ऑइल वर येतंय आणि मग खर्च मोठा. सोबत एअर फिल्टर बघा, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप) साफ करून घ्या. स्कॅनर लावला आणि पी०३०२ हा कोड दिसला तर दोन नंबरचा सिलिंडर मिस मारतोय, म्हणजे त्यात स्फोट नीट होत नाहीये; त्याची कॉइल (प्लगला करंट देणारा पार्ट) तीन नंबरला लावा, कोड पी०३०३ झाला तर कॉइलच गेलीये, नवीन पार्ट घ्यायच्या आधी फुकटात कळतं.

रेडलाइन_पुणे:
काकांशी फ्लायव्हीलवर थोडं भांडणार. कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर पळणाऱ्या गाडीला हलकं फ्लायव्हील हवंच, डाऊनशिफ्ट करताना आरपीएम लगेच जुळतो, मजा येते. पण ते बॅलन्स करून घेतलेलं पाहिजे, नुसतं लेथवर घासून आणलं तर ५००० ला दात वाजतील. रोजच्या गाडीला नकोच. कोन फिल्टर तर बॉनेटमधली गरम हवा ओढतो, गरम हवा म्हणजे पातळ हवा, आवाज तेवढा भारी येतो. १०० ऑक्टेनच्या महागड्या पेट्रोलचा नादही करू नका, इंजिन नॉक करत (जोर पडल्यावर टकटक वाजत) नसेल तर साध्या गाडीला त्या पैशात काही मिळत नाही.

कोल्हापुरी_क्लच:
एक साधी टेस्ट करा राव. गाडी उभी, न्यूट्रल, हळू रेस द्या. तेव्हा पण सुई अडखळत असेल तर दोष इंजिनात. उभ्या गाडीत मस्त फिरतेय आणि चढावर आरपीएम वाढतोय पण स्पीड वाढत नाही, तर क्लच प्लेट घसरतेय, इंजिन बिचारं निर्दोष. आणि थरथर स्टिअरिंगला येतेय म्हणून इंजिन फाउंडेशनचे रबर पण बघून घ्या, फाटले की चांगलं इंजिन पण ट्रॅक्टर वाटतं.

सातारी_पिकअप:
सगळ्यांना धन्यवाद. उभ्या गाडीत पण अडखळत होती म्हणून दुसऱ्या मिस्त्रीकडे प्लग काढले, चारही काळे, टोकं झिजून गॅप भलताच वाढलेला, बहुतेक कंपनीतून आलेलेच असावेत. थ्रॉटल बॉडीत बोट फिरवलं तर काजळ घालता येईल एवढा कार्बन. उजव्या बाजूचं फाउंडेशन फाटलेलं. प्लग, फिल्टर, फाउंडेशन बदललं, आता ४५०० पर्यंत सुई सरळ जाते, थरथर गेली. फक्त थ्रॉटल साफ केल्यापासून आयडल (पाय न दाबता उभ्या गाडीतला आरपीएम) वर-खाली होतंय, ७०० वरून १२०० आणि परत खाली.

टॅपेटकाका:
साफ केल्यावर हवा जास्त जाते आणि ईसीएमला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) अजून जुनाच हिशोब माहितीये. स्कॅनरवरून थ्रॉटल रीलर्न करून घ्या, म्हणजे त्याला नवा हिशोब शिकवा, पाच मिनिटांचं काम. तरी नाही थांबलं तर साफ करताना एखादा व्हॅक्युम पाइप निसटलाय का बघा, सूं सूं आवाज येतो.