मदत हवी आहे: ईकोत झोपून कोकण करायचंय, रात्री गाडी कुठं लावायची?

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं सांगलीचे, पन्नाशी ओलांडलेली जोडी. लेक पुण्यात नोकरीला, सासूबाई महिनाभर नणंदेकडं जाणार आहेत म्हटल्यावर आमच्या ह्यांच्या डोक्यातलं जुनं खूळ परत वर आलं, की गाडीतच झोपायची सोय करायची, कुंभार्ली घाटानं कोकणात उतरायचं, किनाऱ्या-किनाऱ्यानं खाली सरकत जायचं आणि आंबोलीनं वर यायचं. कॅम्परव्हॅन म्हटलं की लोकांना यूट्यूबवरची फ्रीज-शॉवरवाली मोठी गाडी दिसते, आमची आपली साधी पेट्रोल ईको आहे.

आत काय केलंय ते सांगते म्हणजे उत्तर द्यायला सोपं जाईल. मागची सीट बोल्ट खोलून काढली, मिरजेच्या सुताराकडनं प्लायची तीन खोकी करून घेतली, त्यात सामान आणि वरून घडीची फळी, फळीवर फोमची गादी. वेल्डिंग, ड्रिलिंग काही नाही, सगळं अर्ध्या तासात बाहेर निघतं. पाण्याचा वीस लिटरचा जार आणि त्यावर तो चार्जिंगचा पंप. छोटा पाच किलोचा सिलिंडर आणि शेगडी, पण स्वयंपाक गाडीच्या बाहेरच, डिकीचं दार वर उघडतं त्याच्या आडोशाला उभं राहून. बंद गाडीत गॅस पेटवायचा नाही ही माझी अट, त्यावर चर्चा नाही. बारा व्होल्टची शंभर एएचची लिथियम बॅटरी घेतलीय, ह्यांचं गणित असं की वीस वॅटचा पंखा रात्रभर चालला तरी जेमतेम दीडशे-एकशेसाठ वॅटअवर जाणार आणि बॅटरीत बाराशेच्या वर आहेत, म्हणजे पंखा, दिवा, मोबाईल निवांत. फ्रीज मीच नको म्हटलं. शेंगदाण्याची चटणी, भाकरी, धपाटी असल्यावर दोन दिवस फ्रीज कशाला लागतोय.

ट्रायल म्हणून दंडोबाच्या पायथ्याला एक रात्र काढली. थंडी वाजेल म्हणून काचा गच्च बंद केल्या, आणि पहाटे टप टप कपाळावर पाणी. बघते तर छताच्या पत्र्याला आतून दव धरलेलं, दोघांच्या श्वासाची वाफ वर जाऊन गार पत्र्यावर बसलेली, उशी, चादर सगळं दमट. तेव्हापासून दोन्ही बाजूच्या काचा चार बोटं खाली आणि बाहेरनं मॅग्नेटची मच्छरदाणी. त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे रात्री अकराला कुणीतरी काचेवर टकटक केलं. गावातलेच दोघं होते, कोण, कुठले, इथं का थांबलाय. ह्यांनी सांगितल्यावर बरं बरं म्हणून गेले, पण मला पुढं झोप काही लागली नाही. आणि हे आपल्या मिरज तालुक्यात, मग अनोळखी गावात काय?

रूट साधारण असा ठरवलाय: सांगली, पेठ नाका, कराड, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली, चिपळूण, गुहागर. मग वेळणेश्वर, हेदवी, तवसाळहून फेरीबोटीनं जयगड, मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे, पावस, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, मालवण, वेंगुर्ला, आणि परत सावंतवाडी, आंबोली, आजरा, गडहिंग्लज करत घरी. नोव्हेंबरच्या शेवटाला निघणार, दिवाळीची गर्दी ओसरल्यावर. घाई नाही, रोज पन्नास-साठ किलोमीटर झाले तरी चालतंय.

आता विचारायचं ते. मुख्य म्हणजे रात्री गाडी कुठं लावायची, तेही बाईमाणसाला सकाळी संडास-आंघोळीची सोय असेल अशा ठिकाणी. पेट्रोल पंप चालतात पण तिथं रात्रभर ट्रकचा आवाज. बीचला लागून सुरूच्या बनात लावलेले फोटो दिसतात, ते खरंच करू देतात का? २०२१ साली सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात पार्किंगला पाणी-लाईट देणारे पार्क असणार असं वाचलेलं, तसलं काही रत्नागिरी-सिंधुदुर्गात कुणी डोळ्यांनी बघितलंय का? का सरळ होमस्टेवाल्याला विचारायचं, की रूम नको, अंगणात गाडी लावतो आणि बाथरूमचे पैसे देतो? असं विचारलं तर खुळ्यात काढतील का ही भीती. दुसरं, फेरीत आमची गाडी घासंल का, मागं वजन भरपूर आहे आणि गाडी बसलीय थोडी. तिसरं, सीट काढून फिरलं तर पोलीस अडवतात का, आरसीवर पाच सीट आहे.

हॉटेल बुक करा हे उत्तर कृपया नको, ते लेकीनं सांगून झालंय.

---

खाडीपलीकडचा: ताई, फेरीचं सांगतो, मी कायम तवसाळ-जयगड करतो. ईको जाते, रोज जातात. प्रश्न ओहोटीचा. पाणी खाली गेलं की बोटीची फळी आणि धक्क्याचा उतार यांच्यात कोन होतो आणि मागचा बंपर तिथं टेकतो. भरतीच्या आसपास चढा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अंदाजे मिळते, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. पुनवेला-अमावास्येला उधाण असतं तेव्हा ओहोटीही जोरात लागते, ते दोन दिवस जास्त बघून. पाण्याचा जार चढताना रिकामा ठेवा, वीस किलो तिथंच कमी. फेरी चुकली तर राई-भातगाव पुलावरून फिरून यायचं, वळसा आहे पण रस्ता मस्त आहे.

देवगडकर_हापूस: सुरूच्या बनात आणि वाळूत गाडी घालू नका. वाळू वरून घट्ट दिसते, चाक एकदा फिरलं की ट्रॅक्टर बोलवावा लागतो, आणि ट्रॅक्टरवाला मग भाव सांगतो. आमच्याकडं गावात शिरल्यावर आधी देवळाजवळ किंवा दुकानात विचारायचं, पोलीस पाटलाचा नंबर मिळतो, त्यांना फोन करून नाव आणि गाडी नंबर सांगून ठेवायचा. मग रात्री कुणी काच वाजवत नाही, कारण गावाला आधीच माहीत असतं. अंगणाचं विचारायला काही लाजू नका, सीझन नसेल तर लोक हो म्हणतात. फक्त जेवण त्यांच्याकडंच घ्या, त्यात त्यांचे चार पैसे सुटतात.

एमएच११वाला: साताऱ्याहून. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा, आरसीतल्या नोंदीपेक्षा वेगळी होईल अशी गाडी परवानगीशिवाय बदलता येत नाही. खोकी-फळी सामान म्हणून खपून जाईल, सीटचं मात्र निघायच्या आधी आरटीओत विचारूनच घ्या, अंदाजावर जाऊ नका. घाटात उतरताना सेकंड गिअर, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. आणि ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, आंबोली चढून आल्यावर सीट तापलेली असणार, वर पोचल्यावर थोडं थांबून घ्या.

---

सगळ्यांचे आभार. पोलीस पाटलाचं डोक्यातच आलं नव्हतं, ह्यांना वाचून दाखवलं. पाऊणपटीचा हिशोब करून आता कॅलेंडर घेऊन बसलेत, निघायची तारीख त्यावरनं ठरणार असं दिसतंय. सीटचं सोमवारी आरटीओत जाऊन विचारते. अजून एकच, देवगडकर, कुणकेश्वरला देवस्थानाच्या आवारात गाडी लावून झोपू देतात का, आणि सकाळी गरम पाणी कुठं मिळतं?