इतिहास असलेल्या अमेरिकी लहान गावांच्या यादीत गेल्सबर्गही हवं
कुणीतरी लिहिलंय की अमेरिकेतल्या लहान गावांना इतिहास असतो तो फक्त एखाद्या लढाईचा किंवा खाणीचा. इलिनॉयमधलं गेल्सबर्ग बघा. जॉर्ज वॉशिंग्टन गेल या पाद्र्याच्या पुढाकाराने 1837 मध्ये गाव आणि नॉक्स कॉलेज जोडीनेच वसवलं गेलं. संस्थापक कट्टर गुलामगिरीविरोधी.

7 ऑक्टोबर 1858 रोजी अब्राहम लिंकन आणि सिनेटच्या जागेसाठीचे त्यांचे प्रतिस्पर्धी स्टीफन डग्लस यांचा पाचवा जाहीर वाद इथेच झाला. हवा खराब, वारा सोसाट्याचा. म्हणून व्यासपीठ कॉलेजच्या ‘ओल्ड मेन’ इमारतीच्या भिंतीला लावून बांधलं. वक्त्यांना खिडकीतून बाहेर यावं लागलं. ‘चला, अखेर कॉलेजमधून बाहेर पडलो!’ असं लिंकन म्हणाल्याचं सांगतात. शाळेत जेमतेम वर्षभर गेलेल्या माणसाच्या तोंडी शोभणारा विनोद, पण आख्यायिकाच समजा. खरी गंमत 1860 ची: त्याच कॉलेजने लिंकनना मानद पदवी दिली. ओल्ड मेन अजून उभी आहे.

कवी कार्ल सँडबर्ग इथलाच, 1878 चा जन्म. बाप स्वीडनहून आलेला, रेल्वेच्या लोहारकामात. पोरगा गावातल्याच लोम्बार्ड कॉलेजात शिकला, पदवी न घेताच निघाला आणि पुढे लिंकनच्याच चरित्रासाठी 1940 चं पुलित्झर पारितोषिक मिळवलं. लोम्बार्ड मात्र 1930 मध्येच बंद पडलं होतं.

आणि हो, जत्रेतल्या प्रचंड आकाशपाळण्याचा (फेरिस व्हीलचा) जनक जॉर्ज फेरिस, तोही गेल्सबर्गचाच!