खुनाच्या केसवर मालिका, आणि म्हणे प्रबोधन!

शनिवारपेठकरीण:
काल सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी लांबलचक पोस्ट टाकली. मथितार्थ असा: सत्य घटनांवरच्या मालिका म्हणजे समाजप्रबोधन, त्या बघून बायकामुली सावध होतात, आणि ज्यांना बघवत नाही त्यांनी रिमोट उचलावा. तिथे उत्तर दिलं असतं तर तिसऱ्या मेसेजला पार्किंगचा विषय निघाला असता, म्हणून इथे लिहितेय.

डॉक्टर म्हणून मिरवणाऱ्या खुन्यावरची 'देवमाणूस' मालिका आठवा. ऑगस्ट २०२० ला सुरू झाली. ज्या वाई-धोमच्या प्रकरणावर ती बेतली, त्यातला आरोपी ऑगस्ट २०१६ मध्ये धरला गेला. सहा खुनांचा आरोप, पोलिसांनी जमीन उकरून सांगाडे काढले. मध्ये जेमतेम चार वर्षं. साताऱ्यात खटला चालू, आणि इकडे आपण मालिकेतल्या सरू आजीच्या म्हणींवर खिदळतोय. एक बाई मेली की पुढच्याच प्रसंगात टोण्याचा विनोद. वर्षभरात त्या डॉक्टरचं बोलणं, हसणं, मान वळवणं सगळ्यांना पाठ झालं. त्यात मेलेल्या बायकांपैकी दोघींची नावं सांगा बरं पटकन. नाही ना आठवत? मग प्रबोधन नक्की कोणाचं झालं?

बरं, एकदा करूनही भागलं नाही. दुसरा भाग आला, २०२५ मध्ये 'मधला अध्याय' आला. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांच्याही घरात टीव्ही असतो हो. शेजारीण सकाळी नळावर कालच्या भागाचं बोलते, तेव्हा त्यांनी कुठला रिमोट उचलायचा?

नारायणपेठी पेन्शनर:
ताई, राग समजला. पण तुमचा जन्म ७६ नंतरचा दिसतोय. पुण्यातलं जोशी-अभ्यंकर हत्याकांड झालं तेव्हा मालिका सोडा, आमच्या वाड्यात टीव्हीसुद्धा नव्हता. जानेवारी ७६ ते मार्च ७७, दहा माणसं मारली. मी शाळेत होतो. रात्री उशिरापर्यंत उघडी असणारी वाड्याची दिंडी दिवेलागणीला लागायला लागली. वडिलांनी दाराला आतून साखळी बसवून घेतली आणि दूधवाल्यालाही नाव विचारूनच ती काढायचे. तो बिचारा रोजचाच, नाव सांगून सांगून कंटाळला. आणि मारणारे कोण निघाले? टिळक रोडवरच्या कला महाविद्यालयातली पोरं. २७ नोव्हेंबर १९८३ ला चौघं येरवड्यात फासावर गेले, पाचवा माफीचा साक्षीदार झाला होता.

त्यावर १९८६ मध्ये 'माफीचा साक्षीदार' सिनेमा आला. तेव्हा कोणाच्या भावना दुखावल्या? मला तर बरं वाटलं. ते दोन हिवाळे आम्ही ज्या भीतीत काढले ती आजच्या पोरांना कशी कळणार? अभ्यंकरांचा बंगला होता तो भांडारकर रोड म्हटलं की त्यांना कॉफी आठवते.

शनिवारपेठकरीण:
काका, कोणाच्या दुखावल्या हे तुम्ही त्या घरांत जाऊन विचारलंत का? शिवाय सिनेमा तिकीट काढून बघायला जावं लागतं आणि तो दोन-अडीच तासांत संपतो. रोज रात्री जेवणाच्या ताटापुढे येऊन बसत नाही.

बाणेरची सूनबाई:
मला मात्र त्या ग्रुपवाल्या काकांचं पटतं. माझी मावशी खंडाळा तालुक्यात असते. स्टँडजवळच्या एका 'डॉक्टर'कडे जरा थकवा आला की सलाईन लावून घ्यायची. 'देवमाणूस' बघायला लागली आणि एक दिवस तिनं त्याला विचारलं, तुमचं सर्टिफिकेट भिंतीवर का नाही? म्हणाला, लॅमिनेशनला दिलंय. पुढच्या महिन्यात विचारलं, तरी लॅमिनेशनलाच. मावशीनं जाणं बंद केलं, जावेला सांगितलं, भजनी मंडळात सांगितलं. दिवाळीपर्यंत त्याचा गाळा रिकामा. आता म्हणा की प्रबोधन होत नाही!

भोरचा डॉक्टर:
मावशींचं खरंच कौतुक. आता माझं ऐका. त्या काळात करोनामुळे लोक आधीच धास्तावलेले. एका आजोबांचा पाय खुरप्यानं कापला होता, धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायचं होतं. सुनेनं माझा हात धरला. "बाटलीवर काय लिहिलंय ते वाचून दाखवा." दाखवलं. "आता आधी तुमच्या कंपाउंडरला टोचा." मी हसलो, ती हसली नाही. आजोबा तसेच पाय झाकून निघून गेले.

दोष एकट्या मालिकेचा नाही म्हणा. गावोगाव इलेक्ट्रोपॅथी, होमिओपॅथी, कसलाही कागद टांगून माणूस सुया मारत बसतो. वाईच्या आरोपीकडे तरी कुठे एमबीबीएस होतं?

हडपसर होमिओ:
थांबा. इलेक्ट्रोपॅथी आणि होमिओपॅथी एका दमात? त्या माणसाकडे इलेक्ट्रोहोमिओपॅथीचा कागद होता. त्याचा आमच्याशी काडीचा संबंध नाही. आमची बीएचएमएस ही होमिओपॅथीची पदवी, शिक्षण इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचं आहे, रीतसर कौन्सिलची नोंदणी असते. २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर सीसीएमपी, म्हणजे आधुनिक औषधांचा एक वर्षाचा कोर्स, केलेल्यांना ती औषधं द्यायचीही मुभा आहे. आणि तुमच्यातले किती जण गावच्या सरकारी आरोग्य केंद्रात मुक्कामाला राहतात हो? रात्री दोनला विंचू चावला की दार आमचंच वाजतं.

भोरचा डॉक्टर:
एका वर्षात फार्माकॉलॉजी! आम्ही उगाच आयुष्य घालवलं म्हणायचं. याच मुद्द्यावर आमच्या संघटनेनं, आयएमएनं, सप्टेंबर २०२५ मध्ये संप केला तो काय हौस म्हणून?

हडपसर होमिओ:
संपाच्या दिवशी तुमचे पेशंट कोणाकडे आले ते विचारा. आणि कट प्रॅक्टिसवर, पेशंट पाठवून कमिशन खाण्यावर, येऊ दे एखादी मालिका. सत्य घटना तर ढिगानं मिळतील. बघू किती भाग चालू देता.

भोरचा डॉक्टर:
जीभ सांभाळा. मी आजवर कोणाकडून पाकीट घेतलेलं नाही.

नारायणपेठी पेन्शनर:
दोघंही भांडा, पण सलाईन कोण लावतं ते आधी सांगा. आमच्या हिला नुसता पित्ताचा त्रास. एमबीबीएसनं लावली, होमिओवाल्यानंही लावली. दोघांनी त्यात ते पिवळं इंजेक्शन सोडलं आणि दोघांनी पैसे सारखेच घेतले. पॅथी कुठलीही असो, बाटली तीच.

भोरचा डॉक्टर:
काका, नाही लावली तर पेशंट म्हणतो 'या डॉक्टरला काही येत नाही' आणि पलीकडे जातो. पलीकडे कोण बसलंय ते वर आलंच आहे.

हडपसर होमिओ:
पुन्हा टोमणा. वा.

शनिवारपेठकरीण:
अहो, धागा खुनांवर होता! सलाईनसाठी वेगळा काढा ना.

शिवाजीनगर कोर्टातला:
दोन डॉक्टरांच्या मध्ये वकिलानं पडू नये, तरी बोलतो. १९९४ मध्ये सुप्रीम कोर्टानं 'ऑटो शंकर' प्रकरणात सांगून ठेवलंय. मद्रासच्या त्या फाशीच्या कैद्याचं आत्मचरित्र एक साप्ताहिक छापणार होतं, सरकारी अधिकाऱ्यांना ते नको होतं. कोर्ट म्हणालं, आधीच रोखता येणार नाही. जे कोर्टाच्या नोंदीत आलं ते कोणाच्या परवानगीशिवाय छापता येतं, त्याच्यापलीकडे गेलात तर खासगीपणाचा भंग. लैंगिक अत्याचार झालेल्या बाईची ओळख मात्र उघड करायची नाही. तेव्हा ताई, 'बंदी घाला' म्हणून कोर्टात उभं राहाल तर पहिल्या तारखेला परत याल. टीव्हीपुरती तक्रार करायची तर बीसीसीसी ही वाहिन्यांवरच्या कार्यक्रमांच्या तक्रारी ऐकणारी समिती आहे, २०११ पासून.

शनिवारपेठकरीण:
बंदी मी मागितलेलीच नाही, वर वाचा. तुमच्याच नियमाचं बोलू. मालिकेतलं निम्म्याहून जास्त कोर्टाच्या नोंदीत नसतंच. डिंपलचं प्रेमप्रकरण कुठल्या पंचनाम्यात होतं? पण नावं बदललेली, म्हणून जाब विचारायची सोय नाही. आणि जाहिरात अशी की केस कुठली ते शेंबड्या पोरालाही कळावं. दोन्हीकडून फायदा त्यांचाच.

तक्रारीचं म्हणाल, तर डिसेंबर २०२२ आठवा. 'क्राइम पेट्रोल'चा अहमदाबाद-पुणे असा एक भाग आला. वसईच्या मुलीच्या दिल्लीतल्या खुनावरचाच आहे, नावं आणि धर्म बदललेत, म्हणून गदारोळ झाला. वाहिनीनं सांगितलं की हा २०११ च्या घटनांवर आहे, पण माफी मागून भाग काढला. म्हणजे हजारो लोकांनी आरडाओरडा केला की भाग निघतो. धोमच्या एखाद्या घरातल्या चार माणसांना त्रास झाला तर हजार लोक आणायचे कुठून?

शिवाजीनगर कोर्टातला:
हा मुद्दा बरा आहे. कायद्यात बसत नाही, पण बरा आहे.

नारायणपेठी पेन्शनर:
तो गदारोळ खुनासाठी नव्हताच, धर्मासाठी होता. पण इथे ते काढलं तर धागा बंद पडेल, म्हणून गप्प बसतो.

बाणेरची सूनबाई:
ठीक आहे ताई, एवढं मान्य करते की बाई मेल्यावर लगेच विनोद नको होता. खटला चालू असताना घाई नको, हेही चालेल. पण अशा मालिका काढूच नका म्हणालात तर मावशीला एसटीनं पुण्यात आणून तुमच्याच दारात बसवीन.

शनिवारपेठकरीण:
आणा की. चहा करते, आणि तिलाच विचारते की तिच्या घरातलं कोणी गेलं असतं तर तिनं तो डॉक्टर रोज रात्री बघितला असता का.

बाणेरची सूनबाई:
हे मात्र रडीचं आहे.

हडपसर होमिओ:
विषय संपला असेल तर भोरच्या साहेबांसाठी सीसीएमपीचा अभ्यासक्रम इथे टाकतो. आधी वाचा, मग बोला.

भोरचा डॉक्टर:
टाका. लॅमिनेशनला दिलाय म्हणू नका म्हणजे झालं.