मदत हवी आहे: पाणलोटाच्या कामावर उन्हाळी इंटर्नशिप, अमळनेर-पारोळा भाग

पाणकळा:
नमस्कार मंडळी. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाचे आम्ही सहा जण आहोत, तिघे भूगोलाचे, तिघे वनस्पतीशास्त्राचे. चार क्रेडिटची, म्हणजे 120 तासांची इंटर्नशिप पाणलोट व्यवस्थापनात करायची आहे. परीक्षा मेच्या पहिल्या आठवड्यात संपते. अर्ज नेमका कोणाकडे करायचा? मेमध्ये नाले ठणठणीत कोरडे असतात, तेव्हा तिथे करण्यासारखं काय असतं? आणि 'जनजागृती' हा भाग कॉलेजच्या नमुन्यात सक्तीचा आहे. प्रभातफेरी आणि पथनाट्य सोडून काही असेल तर सांगा.

बोरीकाठ:
आधी अर्जाचं. जिल्ह्याला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, मृद व जलसंधारण विभागाचं कार्यालय, आणि तालुक्याला कृषी अधिकारी. शिवाय पाणलोटावर काम करणारी एखादी संस्था जवळ असेल तर तीही. नुसतं 'इंटर्नशिप मिळावी' असं पत्र दिलंत तर ते आवक-जावकमध्ये पडून राहील. पत्रात गावाचं नाव, नाल्याचं नाव, तारखा, आणि कार्यालयाकडून काय हवंय ते लिहा: निरीक्षण विहिरींच्या जुन्या नोंदी, बंधाऱ्यांची यादी, गाव नकाशा. सोबत प्राचार्यांचं पत्र, विद्यार्थ्यांचा अपघात विमा आणि ग्रामपंचायतीचं संमतीपत्र जोडा. हे सगळं फेब्रुवारीतच द्या. मार्चअखेर सुरू झाली की तिथे कोणी डोकं वर काढत नाही.

जळगाव जिल्ह्यातले काही तालुके अटल भूजल योजनेत होते. तुमचं गाव त्यात असेल तर ग्रामपंचायतीत जलसुरक्षा आराखडा असणारच, तो आधी वाचा. तो न वाचता पुन्हा सर्वेक्षण करत फिरणं म्हणजे गावकऱ्यांचा वेळ खाणं.

विहीरमोज्या:
कोरड्या नाल्याची चिंता करू नका. बंधाऱ्यात किती गाळ साचलाय आणि साठवण किती उरलीय हे मेमध्येच मोजता येतं, पाणी आलं की संपलं. बंधाऱ्यापासून वर दर 20 मीटरवर आडवा छेद घ्या. काठापासून काठापर्यंत दर मीटरला खोली, हायड्रोमार्करने (पाण्याच्या नळीने समपातळी काढायचं साधन) किंवा डंपी लेव्हलने (दुर्बिणीचं पातळीयंत्र). खोली मोजायची ती सांडव्याच्या पातळीपासून. नाल्याच्या काठापासून मोजलीत तर साठवण फुगून येते. दोन छेदांच्या क्षेत्रफळांची सरासरी गुणिले अंतर. एक छेद 12 चौरस मीटर, पुढचा 16, मध्ये 20 मीटर, तर त्या तुकड्यात 280 घनमीटर. गाळाची जाडी कळण्यासाठी दोन-तीन ठिकाणी मूळ तळ लागेपर्यंत खड्डा घ्या.

शेततळ्याचं लक्षात ठेवा. 30 × 30 × 3 चं तळं म्हणजे 2,700 घनमीटर नव्हे. बाजूंचा उतार 1:1 असेल तर तळ 24 × 24 चा उरतो आणि क्षमता 2,196 येते. अहवालांमध्ये ही चूक सर्रास दिसते.

दुसरं काम विहिरींचं. वीस विहिरी निवडून पाण्याची पातळी मेमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये मोजा: पाच बंधाऱ्याच्या वर, दहा खाली, आणि पाच शेजारच्या अशा नाल्यावर जिथे काहीच काम झालेलं नाही. या शेवटच्या पाच सगळे जण गाळतात. मग ऑक्टोबरमध्ये पाणी वर आलेलं दिसलं तरी ते बंधाऱ्यामुळे की पावसामुळे, हे कोणालाच सांगता येत नाही. कठड्यावर रंगाने खूण करून कायम तिथूनच मोजा आणि कठड्याची उंची वजा करा. पंप चालू असताना घेतलेली नोंद फुकट. शेतीची थ्री फेज दिवसा की रात्री आहे ते शेतकऱ्याला विचारा आणि उपसा थांबून पातळी स्थिरावल्यावर जा. टेपला खाली वजन बांधा. तीन वेळा मोजून दोन सेंटीमीटरच्या आत जुळलं तरच लिहा.

पाणकळा:
खूप उपयोगी, आभार. आमच्या सरांच्या मते दुहेरी रिंगने (एकात एक ठोकलेल्या दोन कड्यांनी) पाणी मुरण्याचा वेगही काढावा. कॉलेजात 30 आणि 60 सेंटीमीटरच्या रिंगा आहेत.

विहीरमोज्या:
माळावर, मुरमाड जमिनीत खुशाल करा. काळ्या जमिनीत मेमध्ये करू नका. भेगा पडलेल्या असतात, पाणी सरळ भेगेत जातं आणि आकडा भलताच मोठा येतो. पहिल्या पावसानंतर भेगा मिटल्या की त्याच जागी वेग कितीतरी पटींनी उतरतो. करायचंच असेल तर दोन्ही वेळा करा. तोच तुमच्या अहवालातला सगळ्यात वाचनीय तक्ता होईल. बाहेरच्या रिंगमध्ये पाणी कमी पडू देऊ नका, नाहीतर आतलं पाणी आडवं पसरतं.

केळीपट्टा:
नकाशाबद्दल एक. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये 30 मीटरच्या उंची-माहितीवरून पाणलोटाची हद्द काढणार असाल तर पारोळ्याच्या चढउतारात चालेल. रावेर-यावलच्या सपाट गाळाच्या पट्ट्यात ती हद्द रस्ते आणि पाटांच्या भरावाने बिघडते. 1:50,000 चा स्थलदर्शक नकाशा सोबत घ्या आणि माथ्यावरून एकदा चालत जा. सहा जणांना 500 हेक्टरच्या आसपासचं क्षेत्र पुरे.

आणि अहवालात 'शिरपूर पॅटर्न राबवावा' (म्हणजे नाले खोल-रुंद करून त्यावर बंधारे बांधावेत) असं डोळे झाकून लिहू नका. शिरपूरला गाळाची जमीनही आहे आणि काळा पाषाणही. दोन्हीकडे खोलीकरणाचा हिशेब वेगळा. तुमच्याकडे पाषाणी भागात वरचा मुरूम आणि झिजलेला खडक यातच मुख्यतः विहिरींचं पाणी असतं. नाला तो थर कापून खाली गेला तर शेजारच्या विहिरीच नाल्यात रित्या होतात.

सवतीमाळ:
जनजागृतीबद्दल. तुम्ही मोजलेला आकडा गावाला वाचून दाखवणं, याहून वेगळी जनजागृती लागत नाही. 1 मेच्या ग्रामसभेत परीक्षेमुळे जमणार नाही, पण तिथे सरपंचांकडून तुमच्या कामाची माहिती तरी द्यायला लावा. निकाल 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडा. विषयपत्रिकेत नाव यायला हवं, म्हणून सूचना निघण्याआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) भेटा. ग्रामसभेआधी महिला सभा होते, तिथे आधी मांडा. हंड्याचं अंतर आणि मे महिन्यातल्या टँकरच्या फेऱ्या तिथेच कळतात.

पत्रकात 'टीसीएम' (हजार घनमीटर) लिहू नका. 1 मिलिमीटर पाऊस 1 हेक्टरवर पडला तर 10 घनमीटर, म्हणजे 10,000 लिटर. यावरून बंधारा किती टँकरांएवढा ते सांगा, टँकर 10,000 लिटरचा धरून. बोलताना अहिराणी येत असेल तर अहिराणीच बोला.

बोरीकाठ:
सवतीमाळ यांच्याशी सहमत, फक्त 120 तासांचा हिशेब जमवा. ऑगस्टची सभा धरायची तर 15 तास तिच्यासाठी राखून ठेवा आणि कॉलेजकडून तसं आधीच मान्य करून घ्या, नाहीतर जूनमध्येच प्रमाणपत्र मागतील.

पाणकळा:
बारीपाड्याला जाऊन काम केलं तर जास्त वजन पडेल का?

सवतीमाळ:
साक्री तालुक्यातलं बारीपाडा एका दिवसात बघून या, जंगल राखल्याने पाणी कसं टिकलं ते समजेल. काम मात्र तुमच्याच तालुक्यात करा, ऑक्टोबरची दुसरी नोंद घ्यायला परत जाता आलं पाहिजे.

विहीरमोज्या:
उन्हाचं राहिलं. मोजमाप सकाळी 6 ते 10. दुपारी गाव नकाशावर नोंदी चढवा. विहिरीवर नेहमी दोघं, आणि आत उतरायचं नाही, मग टेप पडला तरी.