ब्राँको बिली अँडरसन : काउबॉयपटांचा पहिला नायक मागे का पडला?

मांडवीकर, पणजी

नमस्कार. फोंड्यातील एका वाचनालयात मूकपटांविषयी बोलण्याचे मी मान्य केले आहे. काउबॉयपटांचा पहिला नायक म्हणून अँडरसन यांचे नाव पुस्तकांत येते. परंतु आपल्याकडील जाणकारांनाही टॉम मिक्स किंवा विल्यम हार्ट हे नंतरचे काउबॉय-नायक तेवढे आठवतात. अँडरसन यांचे नेमके कार्य कोणते आणि ते विस्मरणात का गेले?

जुना प्रोजेक्टर, म्हापसा

मांडवीकरबाब, त्यांचे मूळ नाव मॅक्स ॲरन्सन. अर्कान्सा राज्यातील लिटल रॉक येथे १८८० साली ज्यू कुटुंबात जन्मलेला हा माणूस गुराखी नव्हता, नाटकवाला होता. दिग्दर्शक एडविन पोर्टर यांच्या १९०३ सालच्या 'द ग्रेट ट्रेन रॉबरी'त त्यांनी एकाहून अधिक भूमिका केल्या. आपल्या जत्रेच्या नाटकात माणसे कमी पडली की आधीच्या प्रवेशातला शिपाई पुढे दूत होऊन येतो, तसाच तो प्रकार. मात्र त्या चित्रपटात थेट प्रेक्षकांवर गोळी झाडणारा दरोडेखोर म्हणजे अँडरसन नव्हेत, ते जस्टस बार्न्स. ही गफलत वारंवार होते, व्याख्यानात सांभाळावे.

त्यांचे खरे कर्तृत्व पुढचे आहे. १९०७ साली शिकागोत जॉर्ज स्पूर यांच्या भागीदारीत त्यांनी एसॅने ही चित्रपट कंपनी काढली आणि नंतर कॅलिफोर्नियातील नाइल्स या लहानशा गावी स्टुडिओ उभारून लेखन, दिग्दर्शन व अभिनय स्वतःच करत लघुपटांमागून लघुपट काढले. नटांची नावे पडद्यावर देण्याचीही रीत जेव्हा रुजली नव्हती, तेव्हा 'ब्राँको बिली' हे एकच पात्र पुन्हा पुन्हा आणून त्याच्यासाठी प्रेक्षक खेचता येतो, हे त्यांनी ओळखले. हा बिली कित्येकदा कायद्यापासून पळणारा गुन्हेगार असे, पण ऐन वेळी त्याच्यातला भला माणूस जागा होई. पुढील कितीतरी नायकांचा साचा इथला आहे, असे माझे मत.

आबोली, मडगाव

वरील मताशी सहमत आहे. मागे पडण्याचे मुख्य कारण लांबीचे असावे. अँडरसन एक-दोन रिळांच्या, म्हणजे अगदी छोट्या, पटांत रमले असताना बाजार दीर्घपटांकडे वळला, आणि १९१४ पासून पडद्यावर आलेल्या हार्ट यांनी तीच माणसे अधिक करारी, अधिक धुळकट करून दाखवली. १९१५ साली चॅप्लिन एसॅनेत आले, वर्षभरात सोडूनही गेले. १९१६ मध्ये अँडरसन यांनी आपला हिस्सा विकला. शिवाय त्यांचे अनेक पट आज उपलब्धच नाहीत. जे पाहता येत नाही, ते आठवणार कोण? तरी हॉलिवूडने त्यांना अगदीच वाऱ्यावर सोडले नाही : १९५८ साली सन्माननीय ऑस्कर देण्यात आला. १९७१ मध्ये, नव्वदीत, त्यांचे निधन झाले.

मांडवीकर, पणजी

दोघांचेही आभार. व्याख्यानासोबत काही दाखवायचे झाल्यास काय निवडावे?

जुना प्रोजेक्टर, म्हापसा

'द ग्रेट ट्रेन रॉबरी' जेमतेम बारा मिनिटांचा आहे, तो पूर्ण दाखवावा. त्यानंतर बिलीचा एखादा लघुपट लावावा, म्हणजे अवघ्या काही वर्षांत कथा घटनेकडून माणसाकडे कशी सरकली, ते वेगळे सांगावे लागणार नाही.